धंदा वाढला, माणसं वाढली. आता प्रमुखाने शिकत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कवडसा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न मांडते.

मी उत्पादन क्षेत्रातला एक मध्यम आकाराचा व्यवसाय चालवते. सुरुवातीला शिकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. खरेदी, हिशेब, माणसं नेमणं, ग्राहकांशी वाटाघाटी, सगळं स्वतः बघायचे आणि काही बिनसलं तर संध्याकाळपर्यंत कळायचं. आता प्रत्येक कामाला जबाबदार माणूस आहे. माझ्या टेबलावर येतं ते निर्णयापुरतं, तेही गाळून, नीटनेटकं होऊन. मी वाचते, नेतृत्वावरच्या कार्यशाळांना जाते, प्रवासात पॉडकास्ट ऐकते. पण त्यामुळे माझे निर्णय सुधारले का, याचं पुराव्यानिशी उत्तर माझ्याकडे नाही आणि ते मला खुपतं. बऱ्याच जणांचे संसार या निर्णयांवर चालतात.

‘आयुष्यभर विद्यार्थी राहा’ असं सगळेच सांगतात. ते कसं करायचं हे तुमच्याकडून ऐकायचंय. व्यवसाय चालवणारे, टीम सांभाळणारे आणि अशा लोकांच्या हाताखाली काम करणारेही, सगळ्यांनी लिहा.

रानवारा

उत्तम विषय. रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहीन.

गणकचक्र

पेशाला जागून आकड्यांपासून सुरुवात करतो. कितीतरी मालक डावपेचांपासून मानसशास्त्रापर्यंत सगळं वाचतात, पण स्वतःचा ताळेबंद मात्र लेखापालावर सोडून देतात. विक्री झपाट्याने वाढत असताना कंपनी रोखीअभावी अडचणीत येते हे मी वारंवार पाहिलंय. कच्च्या मालाचे पैसे आधी जातात, माल गोदामात पडून राहतो, ग्राहक उधारीवर नेतो. नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात.

तीन आकडे स्वतः काढता यायला हवेत: माल सरासरी किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांनी वसूल होते आणि पुरवठादाराला आपण किती दिवसांनी पैसे देतो. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की तेवढे दिवस तुमचा पैसा अडकलेला असतो. हे दुसऱ्याला समजावून सांगता येईपर्यंत लेखापालाला प्रश्न विचारत राहा. प्रमुखाच्या शिक्षणाचा पाया हा आहे, बाकी नंतर.

शमी

गणकचक्र, मुद्दा पटला. पण ताईंचा प्रश्न थोडा वेगळा आहे असं वाटतं. शिकलेलं कामात उतरतंय का, हे त्या विचारताहेत.

मी प्रशिक्षण विभागात काम करते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना ते आवडलं का, त्यातून ते काही शिकले का, कामावर वागणं बदललं का आणि शेवटी संस्थेला फायदा झाला का. बहुतेक ठिकाणी मोजणी पहिल्या पायरीवर थांबते. कार्यशाळा संपताना एक फॉर्म भरून घेतात, सगळे पाचपैकी पाच देतात आणि फाइल बंद होते. तिसऱ्या पायरीसाठी काही महिन्यांनी हाताखालच्या लोकांना विचारावं लागतं, ‘साहेबांच्या वागण्यात फरक पडला का?’ हा प्रश्न विचारायला कुणी धजत नाही.

वाचनाबद्दलही सांगते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. पॉडकास्ट ऐकताना ‘सगळं कळलं’ असं वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं असतं. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. जीव कंटाळतो, पण टिकतं तेच.

खटपट्या

प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. धंदा पुस्तकातून येत नाही, कार्यशाळेतून तर नाहीच. मी माझ्या वडिलांना आणि मामांना धंदा करताना पाहिलंय. त्यांनी ग्राहकाचा चेहरा वाचला, पुस्तकं नाही. अनुभव हाच गुरू. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन व्यवसाय कसा कळणार?

अबोली

खटपट्यांना अर्धं अनुमोदन. वाचतेय.

मितभाषी

खटपट्या, अनुभव गुरू आहे, पण कुठल्या परिस्थितीत, हा खरा प्रश्न आहे. यावर मी बराच विचार केलाय, त्यामुळे लांबण लागणार आहे.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे संशोधक अंतःप्रेरणेबद्दल परस्परविरुद्ध मतांचे. क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला होता. हे लोक क्षणात अचूक निर्णय घेतात, म्हणून अनुभवी माणसाच्या आतल्या आवाजावर त्यांचा विश्वास. कानेमन यांनी तज्ज्ञांचे अंदाज कसे फसतात हे पाहिलेलं. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि त्यात एकमत झालं ते असं: अनुभवातून खरं कौशल्य येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. त्या क्षेत्रात काही नियमितता हवी आणि आपण बरोबर होतो की चूक हे वारंवार, लवकर आणि स्पष्ट कळायला हवं.

आता तुमच्या मामांकडे बघा. ग्राहक समोर, सौदा समोर, निकाल लगेच, आणि असे सौदे रोज. तिथे अनुभव खरोखर शिकवतो. पण मोठ्या व्यवसायाच्या प्रमुखाचे निर्णय कसे असतात? नवी उत्पादनशाखा उघडायची का, या माणसाला विभागप्रमुख करायचं का, मोठ्या ग्राहकावरचं अवलंबित्व कमी करायचं का. असे निर्णय मोजके. निकाल दोन-तीन वर्षांनी येतो आणि त्यात बाजार, नशीब, इतरांची मेहनत सगळं मिसळलेलं असतं. तिथे अनुभवाचा काळ वाढतो, शहाणपण वाढेलच असं नाही. कवडसाताईंनी लिहिलंय ना, पूर्वी संध्याकाळपर्यंत कळायचं. माझ्या मते त्यांचं शिकणं मंदावलं असेल तर त्याचं कारण त्या एका वाक्यात आहे. काम बदललं आणि काम आपण होऊन जे शिकवत होतं ते बंद झालं.

त्यात आपली स्मरणशक्ती दगा देते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर जाणार होते तेव्हा फिशहॉफ आणि बेथ यांनी लोकांकडून, काय घडण्याची किती शक्यता आहे याचे अंदाज लिहून घेतले. दौरे झाल्यावर त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते? जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण जास्त धरली होती, असं त्यांच्या आठवणीने सांगितलं. कागदावर तसं नव्हतं. हा अभ्यास १९७५ चा. आपल्याला ‘मला वाटलंच होतं’ असं वाटत राहतं आणि ज्याला आधीच वाटलं होतं त्याला शिकायला काही उरत नाही.

म्हणून माझं उत्तर: निर्णयाची नोंदवही. व्यवस्थापनावर लिहिणारे विचारवंत पीटर ड्रकर यांनी हे कळकळीने सांगितलंय. महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल अशी अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. ते स्वतः वर्षानुवर्षं हे करत होते आणि दर वेळी त्यांना आश्चर्य वाटायचं. ताई, तुम्हाला जो पुरावा हवाय तो दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

अबोली

मितभाषी, आता आयडी बदलायला घ्या :) पण फार छान लिहिलंत, वाचनखूण साठवली. त्या नोंदवहीत नेमकं काय लिहायचं? मी विभाग सांभाळते, घरी दोन लहान मुलं आहेत. पानभर लिहिणं जमणार नाही.

मितभाषी

:) अबोली, दहा ओळी पुरतात. निर्णय काय, दुसरे कोणते पर्याय समोर होते, हा का निवडला, काय घडायला हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत, खात्री किती टक्के, काय दिसलं तर मी मत बदलेन. शेवटचं कधीही गाळू नका. निर्णय झाल्यावर आपण त्याचे वकील होतो, म्हणून ते आधीच लिहायचं.

तपासताना एक पथ्य. बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवलं की तोच निर्णय, तीच माहिती असूनही निकाल वाईट लागला असं सांगितलं की लोक निर्णयालाच वाईट ठरवतात. त्यामुळे आधी ‘कारणं’ वाचायची: तेव्हा हाती असलेल्या माहितीवर विचार बरोबर होता का? मग निकाल. नशिबाने जमलेला वाईट निर्णय सगळ्यांत घातक, कारण तो आपण पुन्हा घेतो.

पहाटवेळ

मितभाषींच्या वहीला पूरक असं टीमसाठी लिहिते. आमच्याकडे प्रत्येक प्रकल्पानंतर कामोत्तर आढावा होतो. ही पद्धत अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणातून आलेली. प्रश्न साधे: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्ष काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय कायम ठेवायचं आणि काय बदलायचं. ऐकायला सोपं आहे, पण खूपशा आढाव्यांचा पहिल्याच प्रश्नावर बोऱ्या वाजतो. पाच जणांना विचारा काय ठरलं होतं, पाच वेगळी उत्तरं येतात. प्रमुखासाठी हीच मोठी शिकवण असते, कारण ठरवलेलं खालपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

दोन गोष्टी अनुभवाने सांगते. आढावा काम संपल्या संपल्या घ्यायचा, तिमाहीच्या शेवटी नाही. आणि प्रमुखाने सगळ्यांत शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की उरलेले त्याच्याच वाक्यांना दुजोरा देतात. आणि जमलेल्या कामाचाही आढावा घ्या. यश का मिळालं हे कुणी विचारत नाही.

निशिगंध

पहाटवेळ, ‘प्रमुखाने शेवटी बोलायचं’ याला हजार मोदक.

पण लोक बोलतील का, यावर सगळं अडतं. एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांवरचा १९९६ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असं त्या धरून चालल्या होत्या. आकडे उलटे निघाले. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर दिसलं की तिथे लोक चुकांबद्दल उघड बोलत होते, बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. म्हणजे ज्या प्रमुखाकडे वाईट बातमी येत नाही त्याने खूश होऊ नये.

मी स्वतः एका मोठ्या विभागात हे घडवायला बघतेय. ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे’ म्हणून काही होत नाही. कुणी वाईट बातमी आणली की त्यानंतर तुम्ही काय करता, हे अख्खा मजला बघत असतो. मी आता बैठकीत ‘कुणाला काही अडचण?’ असं विचारत नाही. ‘या योजनेतला सगळ्यांत कच्चा दुवा कोणता, प्रत्येकाने एक सांगा’ असं विचारते. मग बोलणं हे बंड ठरत नाही, नेमून दिलेलं काम होतं.

खटपट्या

मितभाषी, मामांचं उदाहरण उलटवलंत, मान्य. रोजचा सौदा आणि तीन वर्षांनी कळणारा निर्णय यातला फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

पण एक सांगा. एवढं शिकून कंपन्या वाचतात का? फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅककडे काय हुशार माणसं कमी होती? त्यांना डिजिटल कॅमेरा कळलाच नाही आणि बुडाले.

गणकचक्र

खटपट्या, ही गोष्ट अशी सांगितली जाते, पण घडलं वेगळं. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी बनवला. पुढे काही काळ अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक आघाडीवरही होती. तरी २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज करावा लागला. कळलं नव्हतं असं नाही. फिल्म विकण्यात जो नफा होता तो कॅमेरे विकण्यात कधीच नव्हता आणि कारखाने, माणसं, वितरण, सगळं त्या नफ्याभोवती उभं होतं.

म्हणून मी पुन्हा आकड्यांवर येतो. आपला नफा नेमका कुठून येतो आणि तो कोरडा पडला तर काय, हे प्रमुखाला स्वतःला कळायला हवं.

मितभाषी

याच्या उलट उदाहरण इंटेलचं. १९८५ च्या सुमारास मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नव्हता आणि मेमरी म्हणजे तर कंपनीची ओळख. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं की संचालक मंडळाने आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्ह यांचं म्हणणं पडलं आणि तसंच झालं. नवीन माहिती काहीच नव्हती. होती तीच माहिती त्यांनी परक्याच्या नजरेने बघितली. वर्षातून एकदा हा प्रश्न स्वतःला विचारण्यात कुठल्याही अभ्यासक्रमाइतकं शिक्षण आहे.

अबोली

अवांतर: दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो म्हणतात, त्याबद्दल कुणी बोललं नाही अजून?

शमी

तो आकडा नेहमी अर्धवट सांगितला जातो. एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातले उत्तम व्हायोलिनवादक विसाव्या वर्षापर्यंत साधारण तेवढा एकट्याने सराव करून झाले होते. ती सरासरी होती, त्यात बरेच जण त्याखाली होते. आणि तासांपेक्षा सरावाचा प्रकार मोलाचा: कच्चा भाग वेगळा काढायचा, गुरूच्या नजरेखाली घोटायचा, लगेच दुरुस्ती. प्रमुखाला हे करता येतं का? कठीण संभाषणाचं येतं. एखाद्याला नकार द्यायचाय, कामाबद्दल खरं सांगायचंय, तर आधी सहकाऱ्यासमोर बोलून बघा. आमच्या वर्गात लोक सुरुवातीला लाजतात, पण दुसऱ्या खेपेला त्यांचीच वाक्यं निम्म्याने छोटी होतात.

धुमारा

ताईंनी हाताखालच्यांनाही लिहायला सांगितलंय म्हणून धीर करतो.

माझे आधीचे वरिष्ठ खूप वाचायचे. मनापासून वाचायचे. पण नवं पुस्तक संपलं की सोमवारी नवी दिशा. एकदा सगळी उद्दिष्टं नव्या साच्यात लिहून काढली, ती पूर्ण व्हायच्या आत टीमची रचना बदलली, मग रोज सकाळी उभ्याने बैठक सुरू झाली. प्रत्येक कल्पना चांगली होती. आम्ही एकही शेवटाला नेली नाही. हळूहळू लोक शिकले की थोडं थांबलं की हेही जाईल. माझी सगळ्या प्रमुखांना विनंती आहे, तुमच्या शिकण्याचा खर्च टीम भरते हे लक्षात ठेवा. एका वेळी एकच बदल आणा, का आणताय ते सांगा, आणि जमला नाही तर तो बंद झाला असंही सांगा.

निशिगंध

धुमारा, हा प्रतिसाद छापून माझ्या टेबलासमोर लावतेय.

खटपट्या

धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद.

रानवारा

उशीर झाला, पण आलो. माझं मत धुमारांच्या जवळ जातं. वाचायचंच असेल तर धंद्याबाहेरचं वाचा. ड्रकर दर तीन-चार वर्षांनी एक नवा विषय धरायचे, सांख्यिकी, मध्ययुगीन इतिहास, जपानी कला असे. त्यातलं सोमवारी लगेच कार्यालयात लादण्यासारखं काही नसतं, त्यामुळे टीमही सुरक्षित :) आणि नवशिकं असणं काय असतं याची आठवण राहते. मी गेल्या वर्षी तबला शिकायला लागलो. चुकल्यावर गुरुजी ज्या शांतपणे पुन्हा बोल म्हणून दाखवतात, ते बघून मी नव्या मुलांशी वेगळं बोलायला लागलो.

गणकचक्र

तबला छान, पण ताळेबंद आधी!

कवडसा

सगळे प्रतिसाद एका बैठकीत पुन्हा वाचले. मनापासून आभार.

मितभाषी, तुम्ही बोट ठेवलंत तिथेच दुखत होतं. पूर्वी काम मला शिकवत होतं, आता ती सोय मलाच करावी लागणार. धुमारांमुळे एक ठरलं: इथल्या सगळ्या कल्पना एकदम कंपनीत न्यायच्या नाहीत. सध्या फक्त नोंदवही, कारण तिचा भार माझ्या एकटीवर आहे. तिच्यातून काही निष्पन्न झालं की मग कामोत्तर आढावा, तोही एका विभागापुरता. गणकचक्र, लेखापालांबरोबर शुक्रवारची वेळ ठरवली आहे.

आता अडचण अशी की वही माझी, तपासणारी मीच. स्वतःला सवलत द्यायचा मोह होणारच. ती कुणाला दाखवावी का?

मितभाषी

दाखवावी. ज्याचा पगार, बढती किंवा धंदा तुमच्यावर अवलंबून नाही अशा एका माणसाला. वेगळ्या क्षेत्रातला व्यावसायिक उत्तम, त्याला तुमच्या क्षेत्रातल्या ठरावीक सबबी माहीत नसतात. तोही तुम्हाला त्याची वही दाखवेल अशी अट घाला, म्हणजे दोघेही नेमाने लिहाल.

निशिगंध

आणि अभिप्राय मागताना कामाबद्दल मागा, स्वतःबद्दल नको. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडलं होतं. लक्ष कामावरून स्वतःवर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. ‘मी प्रमुख म्हणून कशी आहे?’ असं विचारू नका. ‘या नेमणुकीत मी काय बघायचं राहून गेलं?’ असं विचारा.

कवडसा

पटलं. पहिली नोंद आत्ताच केली, इथेही लिहिते. निर्णय: दुसरी पाळी सुरू करायची. दुसरा पर्याय होता काही काम बाहेरून करून घेण्याचा. कारण: मोठ्या ग्राहकाची मागणी वाढतेय आणि बाहेरच्या कामाच्या दर्जाची खात्री नाही. अपेक्षा: सहा महिन्यांत उशिरा जाणाऱ्या ऑर्डर निम्म्यावर. खात्री ७० टक्के. मत कधी बदलेन: तीन महिन्यांनंतरही रात्रीच्या पाळीतला नाकारलेला माल दिवसपाळीपेक्षा जास्त असेल तर.

खटपट्या

ताई, एक विचारू? मागणी वाढतेय हे ग्राहक स्वतः म्हणाला की तुमच्या विक्रीप्रमुखाने सांगितलं?

कवडसा

विक्रीप्रमुखाने. उद्या ग्राहकाला स्वतः फोन करते. तोवर खात्री ७० वरून ५५ वर आणली आहे.